टिकलीचं दूध

४ तारीख, मंगळवार

आज हिच्याशी खोटं बोललो. खरं कुठेतरी लिहून ठेवायला हवं, नाहीतर काय झालं आणि मी काय सांगितलं याचा माझ्याच डोक्यात घोळ होईल. म्हणून ही वही.

काल दुपारी मुलगी झाली. तीन आठवडे आधी. तिच्या पोटाला भोक आहे हे पाचव्या महिन्यातच सोनोग्राफीत कळलं होतं. बाळंतपण इथल्या मोठ्या हॉस्पिटलात करायचं ठरलंही होतं, पण कळा काय विचारून येतात? आमच्या गावच्याच हॉस्पिटलात सिझर करावं लागलं. ही तिथे, अंगात ताप. मी आणि बाळ इथे, तीन तासांच्या अंतरावर.

बाळाला समोर आणलं तेव्हा मी आधी तोंड पाहिलं. मुद्दामच. नाक हिचं, कपाळ माझं. मग खाली बघावंच लागलं. बेंबीच्या उजव्या अंगाला आतडी बाहेर आलेली. ओली, सुजलेली, माझ्या मुठीपेक्षा मोठा गुंता. त्यांनी तो स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसलो.

मी ड्रायव्हिंग शिकवतो. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबतो, संपलं. काल मी मागे बसलो होतो आणि रस्ताभर उजवा पाय नुसत्या पत्र्यावर दाबत होतो. पोटरी अजून दुखतेय.

इथल्या सर्जनबाई बारीक चणीच्या आहेत, बोलतात सावकाश. म्हणाल्या, "आतडी एकदम आत कोंबली तर तिला श्वास घेता येणार नाही. एका पिशवीत ठेवून वर टांगतो. आपल्या वजनानं हळूहळू आत जातील. मग पोट शिवू."

"आणि दूध?"

"दूध लांब आहे अजून. आधी त्या आतड्यांना कळू दे की आपण आतडी आहोत."

हे सगळं सोनोग्राफीच्या वेळी सांगितलं होतं म्हणे. मला ऑपरेशन या शब्दाच्या पुढचं काही ऐकूच आलं नव्हतं. हिलाही आलं नसणार.

संध्याकाळी हिचा फोन. आवाज अगदी बारीक, विहिरीतून आल्यासारखा. "दूध दिलं का रे तिला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, दिलं की."

"प्यायली?"

"मटामटा प्यायली."

ही म्हणाली, "बरं."

५ तारीख, बुधवार

बाळाला आम्ही टिकली म्हणतो. पहिल्या सोनोग्राफीत पडद्यावर तेवढीच दिसली होती. आज सिस्टरनं नाव विचारलं तर तोंडातून तेच गेलं. ती म्हणाली, "टिकली? बरं आहे. टिकली ती टिकली." आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

ही सिस्टर म्हणजे मिरची आहे. हात नीट धुतले नाहीत म्हणून दोनदा परत पाठवलं मला. कोपरापर्यंत धुवायचे, घड्याळ काढायचं, मोबाइल पिशवीत. आत गरम हवा, औषधाचा वास, आणि सगळीकडे टिंग टिंग. एखादी टिंग जरा जोरात वाजली की माझा जीव जातो. मिरची मात्र मान वर न करता बटण दाबते.

टिकली काचेच्या पेटीत उताणी. पोटावर ती पिशवी उभी, वरून दोरीनं बांधलेली. नाकातून नळी, तिच्यातून हिरवं पाणी बाटलीत उतरतं. हे हिरवं म्हणजे पित्त. पुढे जायला वाट नाही म्हणून मागे येतं. सलाइनमधून तिला सगळं मिळतं म्हणे, साखर, तेल, सगळं. "मग भूक लागत नाही का?" मी विचारलं. मिरची म्हणाली, "लागत असेल. आपल्याला काय कळणार?"

मग तिनं बजावलं, बाळ पीत नसलं तरी आईनं आजपासून दूध काढायला लागायचं, दर तीन तासांनी. नाहीतर आटतं. इथे फ्रीजरमध्ये ठेवतात. आता पंचाईत. हिला कसं सांगू? ही विचारणार, पिते आहे तर साठवायचं कशाला?

७ तारीख, शुक्रवार

हिला सांगायची वेळच आली नाही. सकाळी सासरेबुवा दारात उभे. हातात बर्फाची पेटी, पेटीत हिच्या दुधाच्या चार पिशव्या. सासूबाई अनुभवी, त्यांनीच सुचवलं असणार. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

सासरेबुवांची जन्मभर पिठाची गिरणी. त्या आवाजात कान गेलेत, त्यामुळे कुजबुजही ओरडून करतात. वॉर्डाच्या काचेपाशी उभे राहून माझ्या कानात बोंबलले, "जावईबापू, नाक आमच्याकडचं!" आतून मिरचीनं असे डोळे वटारले की ते सरळ जिन्यापर्यंत मागे सरकले. जाताना म्हणाले, "मी एक दिवसाआड येईन." बस, परत बस. सत्तरी उलटलेला माणूस.

मला नाक सोडून त्यांना दुसरं काही दाखवायचं नव्हतं. पण ते पिशवीकडेच बघत होते. हिला सांगू नका, एवढं त्यांच्या कानात दोनदा सांगितलं.

१० तारीख, सोमवार

पिशवी रोज थोडी थोडी रिकामी होत होती. आज शेवटचं आत गेलं आणि पोट शिवलं. मी बाहेरच्या बाकावर. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र आहे. मी ते इतक्या वेळा वाचलं की डोळे मिटले तरी साबण दिसतो.

सर्जनबाई बाहेर आल्या. "शिवलं. रंग चांगला आहे आतड्यांचा." मला वाटलं संपलं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "आत्ता सुरू होतंय. ही आतडी चालतात की नाही, ते आता तीच ठरवणार."

हिला फोनवर म्हणालो, "दूध वाढवलंय आज."

"छान," ही म्हणाली. "तू जेवलास का?"

१३ तारीख, गुरुवार

हिरवं. काल हिरवं, आज हिरवं. मी दारातून आत शिरताना आधी बाटली बघतो, मग टिकली. हे बरोबर नाही, पण होतं तसं.

शेजारच्या पेटीत एक मुलगा आहे, त्याचंही असंच काहीतरी, बेंबीतूनच आतडी बाहेर आली होती. त्याचा बाप कायम कानटोपी घालून असतो, इथल्या गरमीतसुद्धा. आम्ही एकमेकांशी फार बोलत नाही. तो विचारतो, "रंग?" मी म्हणतो, "हिरवा. तुमचा?" तो म्हणतो, "पोपटी." पोपटी म्हणजे हिरव्यापेक्षा बरा. मला त्याचा हेवा वाटला. बाटलीतल्या पाण्याचा हेवा!

मिरचीनं आज मला पकडलं. "जेवलात?"

"हो."

"काही जेवला नाहीत. टेन्शन आलं की तुम्ही दोन घास खाऊन ताट सरकवता म्हणे." आणि कँटीनला हाकललं. या बाईची नजर काय आहे! चेहरा बघून ताट ओळखते.

१५ तारीख, शनिवार

सर्जनबाईंना विचारलं, कधीच चालली नाहीत तर? त्यांनी थाप मारली नाही. म्हणाल्या, काही मुलांची आतडी चालायला फार वेळ लागतो, महिनेसुद्धा. सलाइनवर फार दिवस राहिलं की लिव्हर थकतं, नळीतून रक्तात इन्फेक्शन जाऊ शकतं. "पण आज तो विचार करायचा दिवस नाही."

मग कोणता दिवस असतो तो?

हिला सांगितलं, टिकली पिऊन झोपली. हल्ली मी तपशीलही घालतो. ढेकर काढली म्हणालो. ही म्हणाली, "कशी काढलीस? खांद्यावर घेऊन?" मी म्हणालो, हो. मी अजून तिला एकदाही उचललेलं नाही. ही म्हणाली, "परत सांग ना, कशी काढली."

१९ तारीख, बुधवार

दोन गोष्टी झाल्या. एक चांगली, एक वाईट.

टिकलीनं शी केली. खरी, स्वतःची. मिरचीनं लंगोट उघडून मला असा दाखवला जसं काही परीक्षेचा निकाल. "वाट मोकळी झाली!" कानटोपी आपल्या जागेवरून उठून आला, तोही बघून गेला. नळीतलं पाणीही दोन दिवसांपासून फिकट होत चाललंय. सर्जनबाई म्हणाल्या, उद्या दूध सुरू.

आणि सासरेबुवा आज रिकाम्या हातानं आले. पेटीच नाही.

"दूध?"

"आज नाही," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात. "परवाही नसेल. जावईबापू, काल तिला टेबलावर..." आणि थांबले. मग खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

टेबलावर बसून जेवायला लागली असेल. म्हणजे उठून चालते, चांगलंच आहे. पण दूध आटलं तर? काळजीनं आटतं म्हणतात. मी तर तिला काळजी लागूच दिली नाही. मग कशानं आटलं? फोन केला तर सासूबाईंनी घेतला, म्हणाल्या झोपली आहे. संध्याकाळी परत केला. झोपलेलीच.

फ्रीजरमधला साठा आहे. पण टिकली प्यायला लागली तर तो किती पुरणार?

२० तारीख, गुरुवार

पहिलं दूध. एक मिलिलिटर.

मिरचीनं सिरिंज नळीला लावली आणि दट्ट्या न दाबता नुसती उंच धरली. "आपण ढकलायचं नाही. आपोआप उतरू दे." चमच्यात ओतलं तर तळ झाकणार नाही एवढं दूध, पण ते उतरायला केवढा वेळ! मी श्वास धरून. शेवटचा पांढरा धागा नळीतून नाकात गेला आणि मी टिकलीच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिला पत्ताच नाही. तिच्या जिभेला काही कळलंच नाही. पोटात परस्पर जेवण.

मिरचीनं कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन तिच्या ओठांना लावला. टिकलीनं कपाळाला आठ्या घातल्या. माझ्याच आठ्या.

आता दर तीन तासांनी एक. दर वेळी आधी सिरिंजनं मागे ओढून बघतात, पोटात काय शिल्लक आहे ते. ते ओढतात तेव्हा मी भिंतीकडे तोंड करतो.

आज हिला खरंच सांगता आलं असतं, की दूध दिलं. पण कसं सांगू? हिच्या हिशेबानं टिकली पंधरा दिवस पितेच आहे. ही आज बोलली, थकलेली वाटली. म्हणाली, "ताप गेला माझा. मी ठणठणीत आहे. आज कसं गेलं रे दूध?" मी म्हणालो, रोजच्यासारखं. ही म्हणाली, "नाही, आज नीट सांग. पहिल्यापासून." मी मनानेच रचून सांगितलं. रडत होती बहुतेक. अशक्तपणानं रडू येतं.

२४ तारीख, सोमवार

दूध वाढतंय. मागे काही शिल्लक राहत नाही. एकदा थोडी उलटी झाली, पांढरी. मी एवढा घाबरलो की माझा पाय परत जमिनीवर दाबला गेला. मिरची म्हणाली, "अहो, सगळी बाळं ओकतात. पांढऱ्याला घाबरू नका."

सासरेबुवा दूध घेऊन आले, दोन पिशव्या. आटलं नव्हतं म्हणजे. साठा अजून होता, तरी सुटलो.

कानटोपीचा मुलगा आज साध्या वॉर्डात गेला. आता तो बाटलीनं पितो. कानटोपी मला भेटायला आला, टोपी काढून. डोक्यावर एक केस नाही. मी म्हणालो, "अभिनंदन." मनात म्हणालो, तुझा का, माझी का नाही? असं मनात येणाऱ्या बापाच्या मुलीचं चांगलं व्हावं तरी कसं?

२७ तारीख, गुरुवार

बाकावर बसून लिहितोय.

सकाळी आत गेलो तर मिरची पेटीपाशी वाकलेली होती आणि तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिथेच कळलं. टिकलीचं पोट टम्म. कातडी ताणून चकचकीत झालेली, टाक्यांची रेघ उसवेल असं वाटावं. रंग राखेसारखा. मागे ओढलं तर हिरवं, गडद. लंगोटात रक्ताचा धागा.

दोन मिनिटांत चार माणसं जमली. मला बाजूला केलं. सर्जनबाई धावत आल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "आतड्याला आतून सूज आली आहे, जंतू शिरलेत. ज्यांची आतडी आधीच अशी असतात त्यांना हा धोका असतो. दूध बंद. औषधं सुरू केली आहेत. दर काही तासांनी एक्स-रे काढू. आतडं फाटलं तर लगेच उघडावं लागेल."

"दुधानं झालं का? माझं काही..."

"तुम्ही काही केलं नाहीत."

"मग दूध देतच का होता?"

"कारण न देऊन चालत नाही," त्या म्हणाल्या. "न वापरलेलं आतडं सुधारत नाही. आम्ही अंधारात हळूहळू चालतो. कधी ठेच लागते."

ऑपरेशन लागलं तर, म्हणून कागदावर सही केली. माझीच सही मला ओळखू आली नाही.

हिला काय सांगू? आज मटामटा प्यायली म्हणू?

आज फोनच केला नाही. हिचाही आला नाही.

२८ तारीख, शुक्रवार

दुपारी जिन्यात बसून फोन लावला. वॉर्डाच्या दारासमोर नको वाटलं. म्हटलं, उद्या ती नसली तर? आणि ही त्या दिवशीही समजत असेल की पोरगी पिते, ढेकर देते? हे पाप मला सोसणार नाही.

"ऐक," मी म्हणालो. "मध्ये बोलू नको. मी तुला सगळं खोटं सांगितलं. टिकली..."

"काल सकाळपासून दूध बंद आहे," ही म्हणाली. "पोट फुगलंय. शीतून रक्त गेलं. आज सकाळच्या एक्स-रेत फाटल्याची खूण नाही. प्लेटलेट कमी आहेत, आत्ता रक्त चढवताहेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू पहिल्या दिवशी मटामटा म्हणालास ना, तेव्हाच कळलं. मी तुला विचारलं तेच चुकून, तापात. सोनोग्राफीवाल्यांनी सांगितलेलं मी सगळं ऐकलं होतं रे. तुझा फोन ठेवला आणि वॉर्डात लावला. रोज सकाळी लावते. ती सिस्टर फार चांगली आहे."

"मिरची?"

"काय?"

"काही नाही. मग बोलली का नाहीस?"

"तू रोज पाजत होतास तिला. ढेकर काढत होतास. मला ऐकायला बरं वाटायचं. खोटं आहे ते माहीत होतं, तरी बरं वाटायचं." मग नाक ओढलं. "आणि मीही सांगितलं नाही तुला. माझे टाके उघडले. पू झाला होता. परत टेबलावर घेतलं, मागच्या आठवड्यात. बाबांना सांगून ठेवलं होतं, तोंड उघडाल तर याद राखा."

टेबलावर. मी कपाळावर हात मारून घेतला. खरंच मारला, खालून येणारा वॉर्डबॉय थबकला.

दोघंही रडलो. मग ही म्हणाली, "आता मला रोज खरं सांगायचं. कितीही वाईट असलं तरी." मी म्हणालो, "तूही." ही म्हणाली, "मग आत्ता सांग. तिचा रंग कसा आहे?"

"राखेसारखा," मी म्हणालो. हे म्हणताना वाटलं होतं त्याहून जड गेलं. काही हलकं-बिलकं वाटलं नाही. भीती तेवढीच आहे, फक्त आता दोन ठिकाणी आहे.

३० तारीख, रविवार

फाटलं नाही. पोट काल होतं त्याहून मऊ. मिरचीनं माझा हात धरून दोन बोटं टिकलीच्या पोटावर ठेवली. "बघा, गालासारखं लागतंय. काल कपाळासारखं होतं." माझी बोटं तिच्या पोटावर, सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा. श्वासानं वर-खाली होत होती.

हिला सांगितलं तसंच. गालासारखं.

५ तारीख, शुक्रवार

परत दूध. परत एक मिलिलिटर. जिथून निघालो तिथेच. पण या वेळी मला आनंद झाला नाही, सिरिंज उंच धरली तेव्हा मला ती खाली घ्या म्हणायचं होतं. दूध म्हणजे विष वाटायला लागलंय. मिरचीला बोललो तसं. ती म्हणाली, "आम्हालाही भीती वाटते. भीती वाटते म्हणून तर एक देतो, दहा नाही."

७ तारीख, रविवार

ही आली. सासरेबुवांनी भाड्याच्या गाडीतून आणली. चाकाच्या खुर्चीवर बसलेली, गालफडं बसलेली, केसांची जेमतेम एक वेणी. तिला ओळखायला मला एक क्षण लागला, आणि तिनं तो क्षण पाहिला. "मीच आहे," म्हणाली.

हात धुतले, कोपरापर्यंत. न सांगता घड्याळ काढलं. आत जाऊन पेटीपाशी थांबली आणि काचेवर तळहात टेकला. मग मिरचीला म्हणाली, "तुमचा आवाज फोनवर जाड वाटायचा." मिरची म्हणाली, "तुमचा बारीक." एवढंच. दोघींच्या डोळ्यांत पाणी.

मिरचीनं सगळ्या नळ्या सांभाळून टिकलीला हिच्या छातीवर ठेवलं. त्या हृदयाच्या मशीनवरचा आकडा खाली आला, संथ झाला. मी मशीनकडेच बघत होतो. ही म्हणाली, "मशीन सोड रे. हिच्याकडे बघ."

बाहेर सासरेबुवा काचेला नाक लावून ओरडत होते, "घट्ट धर! घट्ट धर!" आत ऐकू येत नव्हतं, ओठांवरून कळत होतं.

१२ तारीख, शुक्रवार

नळीतून आता बरंच जातं. मागे काही येत नाही, पोट मऊ. सलाइन कमी केलं. सर्जनबाई म्हणाल्या, तोंडानं द्यायला हरकत नाही.

मला वाटलं होतं, आईच्या कुशीत गेली की झालं. पिल्लांना कोण शिकवतं? हिनं तिला जवळ घेतलं. टिकलीच्या ओठांना थेंब लागला मात्र, तिनं तोंड फिरवलं. परत लावलं. उबळ आली, अंग ताठ, चेहरा जांभळा, किंकाळी. नंतर हिच्या बोटालाही तोंड देईना.

"हिला मी नको आहे," ही म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हिचा धीर सुटला. एवढं दूध काढलं, टाके उसवलेले असताना काढलं, आणि ज्याच्यासाठी काढलं ते तोंडच मिटलेलं.

मिरची म्हणाली, "तिच्या तोंडाजवळ आजवर जे आलं ते दुखवायलाच आलं. नळ्या, चिकटपट्ट्या. तोंडानं काही चांगलं होतं हे तिला माहीतच नाही. घाई केलीत तर कधीच उघडणार नाही."

आता नवीन भीती. आतडी चालतात आणि तोंड चालत नाही. नाकात नळी घेऊन शाळेत जाणारी मुलगी मला दिसायला लागली.

१७ तारीख, बुधवार

रोज तेच. नळीतून दूध जात असताना ही तिला छातीशी धरते. पाजायचा प्रयत्न नाही, नुसतं धरायचं. पोट भरतं तेव्हा आईचा वास येतो, एवढं तिला कळलं तरी पुष्कळ. मग बोटाचं टोक गालावर, मग ओठावर. तिनं तोंड फिरवलं की आम्ही थांबतो. काल तिनं फिरवलं नाही. आज हिचं बोट ओठांवर होतं तेव्हा जीभ बाहेर आली, बोटाला लागली आणि आत गेली. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकून कुणी पळून जावं तशी.

ही हलली नाही. मी तर लिहितानाही हळू लिहितोय.

२० तारीख, शनिवार

प्यायली.

सकाळी, काही ठरवलेलं नसताना. ही तिला धरून सासरेबुवांच्या गिरणीची कसलीतरी गोष्ट मला सांगत होती, लक्ष माझ्याकडे होतं. टिकलीनं स्वतःच मान वळवली, धडपडली, आणि धरलं. ही बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबली. तोंड उघडं. मला खुणेनं म्हणाली, बोलू नकोस. मी कुठे बोलत होतो?

पाच-सहा वेळा ओढलं असेल. गळ्यातून गुटकन आवाज आला. मग दमली, सोडून दिलं, हनुवटीवर पांढरा ओघळ.

नंतर मला भीती वाटली, की आज रात्री पोट फुगेल. हे असंच राहणार बहुतेक. प्रत्येक घोटामागे मी.

२५ तारीख, गुरुवार

घरी.

नळी नाही, मशीन नाही. गाडी मी चालवली, एवढी हळू की मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. माझ्या एखाद्या शिकाऊनं अशी चालवली असती तर मी त्याला उतरवला असता. ही मागे टिकलीला धरून. सर्जनबाईंनी सांगितलंय, हिरवी उलटी, ताठ पोट, शी बंद, यातलं काहीही झालं तर क्षणभर थांबायचं नाही. मिरचीनं दारात टिकलीच्या तळपायाला बोट लावलं आणि पाठ फिरवून निघून गेली. दुसऱ्या पेटीतलं काहीतरी वाजत होतं.

घर फार शांत आहे. टिंग टिंग नाही, तर ती जिवंत आहे हे कळणार कसं? मी दर थोड्या वेळानं जाऊन नाकापुढे बोट धरतो. ही म्हणाली, "तू तिला झोपू देणार आहेस का?" पण मी बाजूला झालो की हीच उठून बोट धरते. मी पाहिलंय.

२७ तारीख, शनिवार

दुपार. ही खूप दिवसांनी गाढ झोपली आहे. काढून ठेवलेलं दूध आहे, बाटलीनं आज मी पाजलं. एकट्यानं.

अर्ध्यावर ती थांबली. एकदम सैल पडली, हात खाली, डोळे अर्धवट. मी गारठलो. हाक मारली, हलवलं, पोट चाचपलं. मऊ होतं, पण माझा माझ्या बोटांवर विश्वास नाही. हिला उठवायला तोंड उघडलं, तेवढ्यात टिकली घोरली. चक्क घोरली. पोट भरलं होतं तिचं, आणखी काही नाही. भरल्या पोटी माणूस झोपतो, हे मी तिच्या बाबतीत पहिल्यांदाच बघत होतो.

तिला खांद्यावर घेऊन बसलो. ढेकर आली. शर्टावर ओली ऊब.

मग लिहायला बसलो. आता ती पाळण्यात चुळबुळतेय, आणि रडायला लागली. इतके दिवस ती रडायची ते सुईचं, नळीचं. हे वेगळं आहे. चिडलेलं, हक्काचं, "कुठे मेलात सगळे" असं. मी घड्याळ बघितलं, वेळ झालेली नाही. पोट बघितलं, मऊ. रंग चांगला.

ही झोपेतूनच म्हणाली, "अरे, भूक लागलीय तिला."

हो का? अशी असते होय.

जातो.